एकच चमचा

उन्हाळ्यात अब्बांच्या सदऱ्यावर पाठीमागून मीठ उमटायचं. धारूरच्या बसस्टँडसमोर त्यांचा फळांचा गाडा होता. दिवसभर उन्हात उभं राहून संध्याकाळी ते घरी येईपर्यंत घाम वाळलेला असायचा आणि खांद्यांपासून कमरेपर्यंत पांढऱ्या, वेड्यावाकड्या रेघा उठलेल्या असायच्या. लहानपणी मी त्या रेघांवर बोट फिरवून जिभेला लावायचे आणि अम्मी माझ्या पाठीत धपाटा घालायची. अब्बा म्हणायचे, "खाऊ दे, बापाचंच मीठ हाय." मग अम्मी सदरा ओढून घ्यायची आणि बादलीत बुडवायची.

घरात आमची बोली दखनी उर्दू. पण अब्बांचा सगळा जन्म गाड्यावर गेला. गिऱ्हाइकाची थट्टा, भाव, भांडण, सगळं मराठीतून. त्यामुळे थट्टा करायची असो नाहीतर चिडायचं असो, त्यांची जीभ आपोआप मराठीवर यायची. पुढे शेवटच्या वर्षांत आमच्यात जी भांडणं झाली ती बहुतेक मराठीतच झाली, म्हणून मला ती इथे जशीच्या तशी लिहिता येतात.

मी शाळेत विज्ञान शिकवते. शरीर आपली आतली स्थिती कशी सांभाळतं हा धडा मी किती वेळा शिकवला असेन, आठवत नाही. बाहेर वैशाख पेटलेला असू दे नाहीतर पौषाची थंडी पडलेली असू दे, आतली ऊब हलत नाही. रक्तातलं पाणी, मीठ, साखर, सगळं आपापल्या मर्यादेत राहतं. पाणी जरा कमी पडलं की रक्त खारट होतं, मेंदूला ते लगेच कळतं, घशाला कोरड पडते आणि मूत्रपिंडाला निरोप जातो की आता पाणी धरून ठेव. जास्त झालं की तेच मूत्रपिंड हात सैल सोडतं. पुस्तकात याला समस्थिती म्हणतात. पोरं शब्द पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. मी त्यांच्यावर रागावत नाही. ज्याचं ठीक चाललेलं असतं त्याला तो शब्द लागतच नाही.

अब्बांचंही बरीच वर्षं ठीक चाललं. भर उन्हात टरबुजांचा ढीग लावायचा, दुपारी गाड्याखालच्या सावलीत बसून भाकरी खायची, माठातलं पाणी तांब्यावर तांब्या रिचवायचं. पाणी किती प्यायचं हे त्यांनी कधी ठरवलं नाही. ते शरीर ठरवत होतं. चांगल्या चाललेल्या घरात कोण कधी उठून काय काम करतं हे कोणी विचारत नाही, तसंच ते होतं.

आधी साखर निघाली, मग बीपी. दोन्ही त्यांनी हसण्यावारी नेलं. "साखर तर फळवाल्याच्या अंगात असनारच की." गोळ्या आठवणीनं घ्यायच्या असतात हे त्यांना पटत नसे, दुखलं तर गोळी, नाही दुखलं तर कशाला. अम्मी गेली त्या वर्षी त्यांचे पाय सुजायला लागले. चप्पल बसेना. मी तेव्हा संसार मोडून माहेरी परत आलेले होते. एक दिवस त्यांच्या नडगीवर अंगठा दाबून बघितला तर तिथे खड्डा पडला आणि बराच वेळ तसाच राहिला. कणकेत बोट रुतवल्यासारखा. मला त्या क्षणी कळलं. शिकवलेलं सगळं त्या खड्ड्यात दिसत होतं.

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही मूत्रपिंडं संपली. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस, मंगळवारी आणि शुक्रवारी. मशीन रक्त बाहेर घेणार, धुणार, जादाचं पाणी काढणार आणि परत आत सोडणार. जे काम दोन मुठीएवढे अवयव न सांगता रात्रंदिवस करत होते, ते आता कपाटाएवढं यंत्र आठवड्यातून दोन दुपारी करणार होतं. मधल्या दिवसांत काय? मधल्या दिवसांत घरच्यांनी सांभाळायचं. घरचे म्हणजे मी.

दिवसाला एक लिटर पाणी. त्यात चहाही आला, वरणही आलं, गोळ्या गिळायला लागणारा घोटही आला. लघवी जवळजवळ बंद, म्हणजे प्यालेलं सगळं अंगातच राहणार. आधी पायात, मग फुफ्फुसात. मीठ कमी. आणि फळं बंद. केळी, मोसंबी, नारळपाणी, सीताफळ, खजूर, सगळं बंद. फळांतलं पोटॅशियम निरोगी माणूस लघवीवाटे टाकून देतो, ते अब्बांच्या रक्तात साचणार आणि हृदयाचे ठोके बिघडवणार. सगळ्यांच्या अंगी लागतं तेच त्यांच्या जिवावर उठणार होतं. डॉक्टर हे सांगत असताना अब्बा खिडकीबाहेर बघत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "फळवाल्याला फळ बंद. अल्ला बी लई गमत्या हाय."

गाडा त्यांनी सोडला नाही. डायलिसिस नसेल त्या दिवशी सकाळी दोन-तीन तास उभे राहायचे. दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडे बालाघाटाच्या डोंगरातून सीताफळं येतात. अब्बा एकेक फळ हातात घेऊन अंगठ्यानं हलकेच दाबायचे, नाकाशी न्यायचे आणि गिऱ्हाइकाला द्यायचे. "लई गोड हाय, न्हाई निघालं तर परत आना." एकदा शाळेतून येताना मी लांबून बघितलं. गिऱ्हाईक नव्हतं. ते एक उकललेलं फळ नाकाशी धरून नुसते उभे होते. मी हाक न मारता मागच्या गल्लीनं घरी गेले, कारण हाक मारली असती तर त्यांना वाटलं असतं मी पाळत ठेवते.

पाळत तर मी ठेवतच होते. रोज सकाळी एक बाटली भरून त्यांच्या खाटेजवळ ठेवायचे. ती संपली की दिवस संपला. माठ मी माझ्या खोलीत नेला. भाजी चिरून आधी पाण्यात भिजत घालायची, ते पाणी फेकायचं, मग शिजवायची, मीठ नावाला. अब्बा ताटाकडे बघून म्हणायचे, "ही भाजी हाय का बैलाचा चारा?" मी म्हणायचे, "बैल लई दिवस जगतो." ते हसायचे. सुरुवातीला हसायचे.

तहान हा फार प्रामाणिक निरोप्या आहे. रक्त खारट झालं, पाणी पाठव, एवढंच त्याला ठाऊक. पुढे ते पाणी बाहेर टाकणारं कोणी उरलेलं नाही ही बातमी त्याच्यापर्यंत पोचलेलीच नसते. म्हणून मेंदू हाका मारत राहतो आणि मुलगी नाही म्हणत राहते. मी बर्फाचा खडा द्यायचे, वेलदोडा चघळायला द्यायचे, लिंबाची फोड जिभेवर ठेवायला सांगायचे. त्यानं घसा भिजतो, माणूस भिजत नाही.

मग अब्बा युक्त्या करू लागले. कधी जुम्म्याशिवाय मशिदीचं तोंड न बघणारा माणूस एकाएकी पाच वेळचा नमाजी झाला. मला आधी बरं वाटलं. मग लक्षात आलं, नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायला, वजू करायला ते नळाशी बसले की चूळ भरलेली दिसते, पण बाहेर पडलेली दिसत नाही. मी म्हटलं, "अब्बा, चूळ थुंका." ते गाल फुगवून माझ्याकडे बघत राहिले, लहान पोरासारखे. मग थुंकले आणि ओरडले, "तू पोरगी न्हाईस, पोलीस हायीस! बापाच्या नमाजीत बी तुझा पंजा?" मला हसू आलं आणि आत जाऊन रडूही आलं. दोन्ही एकाच वेळी येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

आमच्या भागात दारात आलेल्या माणसाला आधी पाणी. टँकरची वाट बघत घागरी रांगेत लागलेल्या असल्या तरी आधी पाणी, मग 'कसं काय'. नको म्हटलं तर समोरच्याचा चेहरा पडतो. "कावून, आमच्या घरचं पानी बी चालंना का?" अब्बा कोणाकडे गेले की मला आधी निरोप धाडावा लागे की त्यांना पाणी देऊ नका. असा निरोप आमच्याकडे शत्रूही धाडत नाही. गल्लीत बोलणं सुरू झालं: पोरगी बापाला पाणी पिऊ देत नाही, शिकलेली ना. तेलगावचे चाचा, अब्बांचे धाकटे भाऊ, महिन्यातून एकदा यायचे आणि मला समजावायचे. "अगं, पान्यानं कुनी मेलंय का? लोकं पान्यावाचून मरतेत." मी त्यांना मूत्रपिंडाचं चित्र काढून दाखवलं. त्यांनी ते नीट बघितलं, मान डोलावली, आणि जाताना अब्बांना पुन्हा विचारलं, "भाई, घोटभर देऊ का?" ज्याचं जळतं त्याला कळतं, हेच खरं.

शेजारच्या खालाला मात्र कळत होतं, असं मला वाटायचं. अम्मीची ती जिवाभावाची मैत्रीण. मी शाळेत असताना तीच अब्बांजवळ बसायची. एकदा मला म्हणाली, "तुझ्या बापाचं तोंड बघवंना गं. इतका दिलदार मानूस, आन् घोटाघोटाला दुसऱ्याच्या तोंडाकडं बघतो." मी म्हटलं, "खाला, मला बघवतं का? पण मला अब्बा पाहिजेत." तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. खरंच दुसरं काही नव्हतं. अम्मी गेलेली, लग्न मोडलेलं, मूल नाही. संध्याकाळी घराचं दार उघडल्यावर आतून कोणीतरी खाकरलं पाहिजे, एवढंच मला हवं होतं.

एका रविवारची आठवण आहे. त्या दिवशी अब्बांनी सकाळपासून बाटलीला हात लावला नाही. चहा नको म्हणाले, वरण नको म्हणाले, कोरडी पोळी चावून चावून खाल्ली. मला वाटलं रुसले. दुपार कलली तेव्हा त्यांनी मला मोठा स्टीलचा गिलास मागितला, अम्मी असताना वापरायचे तो. बाटलीतलं पाणी त्यात ओतलं, काठोकाठ. मग भिंतीला टेकून, डोळे मिटून, एका दमात प्यायले. गळ्याची घाटी वरखाली होत होती. गिलास खाली ठेवून म्हणाले, "लई दिवसांनी पानी पिलो बघ. घोट घोट पिनं म्हंजे पानी पिनं न्हवं." त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी त्यांच्या कुठल्याच ईदला पाहिलं नव्हतं. मी तोंड फिरवलं.

रमजान आला तेव्हा डॉक्टरांनी रोजे ठेवायचे नाहीत म्हणून बजावलं. अब्बा म्हणाले, "ठेवायचे काय, माझा सालभर रोजाच चाललाय. फकस्त इफ्तार न्हाई." मागच्या ईदला ते घराबाहेर पडलेच नव्हते. आमच्या मोहल्ल्यात ईदगाहवरून आलं की माणसं घरोघर जातात, आणि प्रत्येक घरी वाटीभर शीरखुर्मा. दूध, शेवया, खजूर, चारोळी, पिस्ते. एका घरी खाल्ला आणि दुसऱ्या घरी नाही, असं चालत नाही. वर्षभर ऐकावं लागतं. अब्बांचा तर तो खास दिवस. स्टँडवरचे हिंदू दुकानदार आमच्याकडे यायचे आणि अब्बा पूर्ण मोहल्ला पालथा घालायचे. तो सगळा दिवस मागच्या वर्षी त्यांनी भिंतीकडे तोंड करून काढला होता.

या वर्षी म्हणाले, "मी जानार." मी म्हटलं, "जा. गळाभेट घ्या, बसा, बोला. पण तोंडात काही घालायचं नाही." आणि आदल्या दिवशी मी मोहल्ल्यात सगळ्यांना सांगून आले. सगळ्यांनी माना डोलावल्या. ईद सोमवारी होती, दुसऱ्याच दिवशी डायलिसिसची पाळी. शुक्रवार ते मंगळवार हा मधला लांबचा टप्पा. त्यात पाणी आधीच चढलेलं असतं. हेही मी सांगितलं होतं. पण कोणाला काय सांगितलं म्हणजे त्यांनी काय ऐकलं, हे शिक्षकानं कधी गृहीत धरू नये.

मी निघून आल्यावर खाला पुन्हा घरोघर फिरली. हे मला नंतर कळलं. ती सगळ्यांना म्हणाली, पोरीचं बरोबर आहे, वाटीभर द्यायचा नाही. पण ईदच्या दिवशी माणूस दारातून कोरड्या तोंडानं गेला तर आपल्या घराला काय बरकत? एकच चमचा द्या. एका चमच्यानं काय होतंय? सगळ्यांना ते पटलं. माझं सांगणं कठोर होतं, खालाचं शहाणपणाचं वाटलं. आणि सगळ्यांनी ते तंतोतंत पाळलं. कोणी दोन चमचे दिले नाहीत. अब्बांनी मागूनही दिले नाहीत, असं एका घरच्या सुनेनं मला सांगितलं.

त्या दिवशी मी घरीच होते, येणाऱ्या पाहुण्यांना शीरखुर्मा द्यायला दुसरं कोणी नव्हतं. अम्मीच्या पद्धतीनं केला होता, खारका रात्रभर दुधात भिजवून. अब्बा पांढरा कुर्ता घालून, अत्तर लावून सकाळीच गेले, ते दुपार उलटून गेल्यावर आले. दारातच चौकट धरून उभे राहिले. दम लागला होता, पण चेहरा फुललेला होता. मला वाटलं माणसं भेटली म्हणून. म्हणाले, "समदे भेटले. येक घर सोडलं न्हाई."

मी पायाकडे बघितलं. बूट काढताना त्रास होत होता. मी विचारलं, "काही खाल्लं?"

"येकच चमचा."

"कुणाकडं?"

ते हसले. "समद्यांकडं. पर हरेक घरी येकच. कुनी जास्त दिला न्हाई, मी बी जास्त घेतला न्हाई. तुझं ऐकलं आमी."

"किती घरं झाली, अब्बा?"

"आता ईदला घरं कुनी मोजतं का?" ते खाटेवर बसले आणि माझ्याकडे हात पसरून म्हणाले, "आन आता तुझा. तुझ्या अम्मीसारखा केलायस, वासावरून कळालं मला. आपल्याच घरचा राह्यला बघ. येक चमचा दे."

माझ्या डोळ्यांपुढे आमचा साठ-सत्तर घरांचा सगळा मोहल्ला आला, एकेक दार, एकेक चमचा. मी बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "नाही. उद्या मशीनवरून आल्यावर देईन, वाटीभर देईन. आज नाही." ते म्हणाले, "उद्या मशीन काढंलच की समदं पानी. येका चमच्यानं काय होतंय?" मी शीरखुर्म्याच्या पातेल्यावर झाकण ठेवलं, वर वरवंटा ठेवला. ओरडले नाही. ओरडण्यापलीकडे गेले होते. अब्बा थोडा वेळ झाकणाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं." इतकंच. भांडले नाहीत, पोलीस म्हणाले नाहीत. त्या 'बरं'मध्ये राग असता तर मला आज सोपं गेलं असतं.

मी लगेच दवाखान्यात फोन केला. म्हणाले, सुट्टी आहे, मशीनवर पाळी सकाळीच लागेल, त्रास वाढला तर तातडीनं या. मी म्हटलं, आत्ताच जाऊ. अब्बा म्हणाले, ईदच्या दिवशी दवाखाना नको, सकाळी जायचंच आहे. मी उशा रचून त्यांना बसतं केलं. ते टेकून झोपले. शेवटी मीही टेकले.

पहाटे फजरच्या अजानला जाग आली ती त्यांच्या श्वासाच्या आवाजानं. आडवं होता येत नव्हतं. प्रत्येक श्वासाला छातीत बुडबुडे फुटल्यासारखा आवाज. समोरच्यांनी जीप काढली. खालाही पुढे बसली. मी मागे अब्बांना छातीशी धरून बसले होते, ताठ, कारण जरा मागे रेललं की त्यांचा जीव घुसमटायचा. उजाडत होतं. वाटेत एकदा त्यांनी माझा हात दाबला आणि काहीतरी बोलायला ओठ हलवले. मी कान नेला. ऐकू काहीच आलं नाही. अंबाजोगाई यायच्या आधीच माझ्या हातात त्यांचं वजन बदललं. ज्यानं कोणाला असं धरलं असेल त्याला मी काय म्हणते ते कळेल.

डॉक्टरांनी पायाला बोट लावून बघितलं, छाती तपासली. फुफ्फुसात पाणी भरलं होतं आणि पोटॅशियमही चढलं असावं, हृदय थांबलं, म्हणाले. "काही खाण्यात-पिण्यात आलं का?" मी खालाकडे बघितलं. ती भिंतीला धरून उभी होती. मी म्हटलं, "ईद होती."

दुपारपर्यंत घर भरलं. एकेक बाई यायची, गळ्यात पडायची, रडायची आणि माझ्या कानात तेच सांगायची. "मी येकच चमचा दिलता गं." कोणी सांगताना शपथ घ्यायची, कोणी माझे हात धरून ठेवायची, जणू मी माफ करेपर्यंत सोडणार नाही. सगळ्या खरं बोलत होत्या. एकीनंही खोटं सांगितलं नाही. थेंबे थेंबे तळे साचे, हे वाक्य आम्ही शाळेच्या भिंतीवर रंगवून घेतलं आहे, बचतीसाठी. त्या दिवशी मला ती भिंत पाडून टाकावीशी वाटली. मला त्या बायकांचा राग आला, खरंच आला, आणि अजून येतो. पण तो कोणावर काढायचा? एवढ्या मायेवर राग काढायला माणसाला फार मोठं तोंड लागतं. खाला सगळ्यांत शेवटी आली. तिनं माझ्यासमोर जमिनीवर बसून माझ्या पायाला हात लावला, माझ्या आईच्या वयाच्या बाईनं. मी तिला उठवलं.

एक गोष्ट मात्र मी स्वतःला दररोज सांगते: मी बरोबर होते. तो चमचा मी दिला असता तरी ते गेले असते, नाही दिला तरी गेले. एका चमच्यानं खरंच काही होत नव्हतं. विज्ञान माझ्या बाजूनं आहे. पण सगळ्या मोहल्ल्यात ज्या एका घरानं त्यांना त्या दिवशी कोरड्या तोंडी ठेवलं, ते त्यांचं स्वतःचं होतं. हे दोन्ही खरं आहे, आणि या दोहोंचा तोल सांभाळणारा कोणताही अवयव मला शरीरात सापडलेला नाही.

दुपारनंतर गुस्ल झालं. मय्यतीला आंघोळ घालायचं काम पुरुषांचं. चाचा तेलगावहून आले होते, मशिदीतले दोन म्हातारे होते. अंगणात चादरींचा आडोसा केला. चुलीवरच्या हंड्यात बोरीचा पाला घालून पाणी गरम केलं होतं. आम्ही बायका अलीकडे भिंतीला टेकून बसलो होतो. माझ्या मांडीवर खालाचं डोकं होतं.

आधी तांब्या बुडाल्याचा आवाज आला. मग पाणी ओतल्याचा. मग पुन्हा. चाचा हळू आवाजात दुआ म्हणत होते आणि पाणी पडत होतं, डोक्यावरून, उजव्या अंगावरून, डाव्या अंगावरून. कोणीतरी म्हणालं, आणखी एक बादली आणा. आणखी बादली आली. आडोशाच्या चादरीखालून पाणी वाहत वाहत आमच्यापर्यंत आलं, माझ्या पायाच्या बोटांना लागलं. कोमट होतं. ते ओततच होते, कोणी हात राखत नव्हतं.

मी उठून उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "बस! बस करा आता!"

आडोशामागचा आवाज थांबला. सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. चाचांनी तिकडून विचारलं, "क्या हुआ गे, बेटा?"

खालानं माझा हात धरून मला खाली बसवलं. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा पाणी ओतायला सुरुवात केली.